सहीशिवाय हातात द्यायचं नाही

अण्णा गेले तेव्हा माझं त्यांच्याशी भांडण चालू होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते होतं. सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला, पडद्यावर रामा गुरवाचं नाव दिसलं, आणि मला वाटलं की अण्णांनीच त्याला मध्यस्थीला पुढे केलंय. रामा आमच्या देवळातला पुजारी, अण्णांचा शेजारी आणि त्यांच्या सगळ्या भानगडींतला साथीदार. मी दोनदा फोन वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तो ‘मी येणार नाही म्हणून सांग त्यांना’ असं म्हणतच. पलीकडून रामा म्हणाला, “बाई, अण्णा गेलं. पहाटंच्या वक्ताला. झोपंतच.” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पायात चप्पल न घालता मी बेळगाव रस्त्यापर्यंत गेले होते, हे शेजारणीने नंतर सांगितलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर आहे हे आता कळलंय म्हणून हे लिहायला बसले.

बाबुराव गावडे हे त्यांचं नाव, पण रामनगरात त्या नावाने विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. सगळ्यांचे ते अण्णा. नोकरी टपालाची. आधी वीसेक वर्षं डोंगरातल्या गावांतून पायी टपाल वाटलं, मग रामनगरच्या खिडकीवर बसले. दिग्गी हे त्यांतलंच एक गाव, तिथे ते मंगळवारी यायचे. मी मूळची दिग्गीची, त्यामुळे परकर-पोलक्यात असल्यापासून त्यांना बघत आले. खांद्यावर खाकी पिशवी, पायात टायरच्या चपला आणि खिशात शाईचं पेन. गावात वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे पत्र नुसतं देऊन भागायचं नाही, वाचून दाखवायचं आणि उत्तरही लिहून घ्यायचं. हे काम त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं, पण ते त्यांनी आयुष्यभर केलं.

पुस्तकांच्या धंद्याची माहिती त्यांना झाली ती रामनगरच्या खिडकीवर. आमच्या भागात लिहिणारे थोडे नाहीत. खानापूर, लोंढा, इकडे जोयडा, सगळीकडे कुणी ना कुणी वह्या भरत असतो. त्यांची पाकिटं अण्णांच्या हातून जायची आणि अण्णांच्याच हातून परत यायची. कुठला प्रकाशक किती महिन्यांनी उत्तर देतो, कुठला देतच नाही, कुणाचं पत्र छापील असतं आणि कुणी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहितो, हे सगळं त्यांना पाकिटांवरून आणि लेखकांच्या बोलण्यावरून कळायला लागलं. जाड पाकीट, म्हणजे नाकारलेलं हस्तलिखित, परत आलं की ते लेखकाला खिडकीशी द्यायचे नाहीत. संध्याकाळी स्वतः घरी नेऊन द्यायचे, म्हणजे चारचौघांत त्याचा चेहरा पडायला नको. पातळ आलं की मात्र खिडकीतूनच ओरडायचे, “चा सांगा रं!”

निवृत्तीनंतर त्यांच्या घराची जगली, म्हणजे आपली ओटीवजा पडवी, दर रविवारी भरायला लागली. बेळगावाहून येणाऱ्या बसमधून पिशव्या घेतलेली माणसं उतरायची आणि विचारायची, पुस्तकवाले अण्णा कुठं राहतात? या माणसाचं स्वतःचं एकही पुस्तक नव्हतं. तरी पुण्यामुंबईत राहून दहा पुस्तकं लिहिलेल्यांना ठाऊक नसेल ते यांना ठाऊक होतं. पहिला प्रश्न ठरलेला: “नक्कल ठेवलीस का?” ठेवली नसेल तर पुढे बोलणंच नाही, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट. दुसरा प्रश्न: “ज्येंच्याकडं धाडायलाईस त्येंनी आजवर काय छापलंय ते बगितलंस का?” एकाने ग्रामीण कादंबरी शाळेची गाइडं छापणाऱ्याकडे पाठवली होती आणि वर वर्षभर उत्तराची वाट बघितली होती. अण्णांनी त्याला काही बोलून दाखवलं नाही, फक्त कपाळाला हात लावला आणि आत जाऊन पाणी पिऊन आले.

सोबतच्या पत्रात आपली स्तुती आपण करायची नाही, एक पान पुरे. तीन महिने फोन करायचा नाही, आणि तीन महिन्यांनंतर केला तर भांडायचं नाही. मोबाइलवर ‘तीस दिवसांत लेखक व्हा’ अशा जाहिराती यायला लागल्यावर त्यांनी जगलीवर खडूने लिहून ठेवलं होतं: तू पैसे देतोस तर तू गिऱ्हाईक, लेखक न्हवं. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने तरीही पैसे भरून पुस्तक काढलंच. खोकी घरी आली, ती अजून त्याच्या पलंगाखाली आहेत. अण्णांनी त्याला एक शब्द ऐकवला नाही. एक प्रत मागून घेतली, वाचली, आणि चुकांची यादी करून दिली, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल म्हणून.

माझ्या कथांचं पुस्तक निघालं ते त्यांच्यामुळे. पुण्याच्या प्रकाशकांचा होकार आला, करार आला, आणि मी आनंदाच्या भरात तिथल्या तिथे सही करायला निघाले. अण्णांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. “सुमे, सही करायच्या आदी वाच. दर पान वाच. आवडलं म्हणून वाचायचं सोडू नगंस.” मी छप्पन्न वर्षांची मुख्याध्यापिका, आणि हे मला सगळ्यांसमोर सुमे म्हणतायत. पण वाचलं. आवृत्ती संपली आणि अमुक काळात परत छापली नाही तर हक्क कुणाचे, याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. ऑडिओचे हक्क मात्र एका ओळीत गुपचूप दिलेले होते. अण्णांनी मला दोन्ही मुद्द्यांवर पत्र लिहायला लावलं. प्रकाशक भला माणूस, त्याने दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि वर विचारलं, तुमचे हे वकील कोण? मी लिहिलं, निवृत्त पोस्टमन.

एकदा कुळगीच्या निसर्ग शिबिराच्या जागेत बाहेरच्या कुणीतरी लेखन कार्यशाळा भरवली होती. मी अण्णांना ओढून नेलं. एक गृहस्थ दीड तास लेखकाने स्वतःचा ब्रँड कसा करावा ते सांगत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. अण्णा उठले, हात जोडले आणि म्हणाले, “सायेब, ज्येच्याबद्दल आपण लिवतो, त्येला कवा इचारायचं? आदी का छापल्यावर?” गृहस्थ म्हणाले, साहित्यात असं विचारायचं नसतं. अण्णा बरं म्हणून खाली बसले. त्या प्रश्नाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आता त्या आठवणीने स्वतःचाच राग येतो.

कारण अण्णांचंही पुस्तक होतं, आणि ते दहा वर्षांपूर्वी लिहून झालं होतं. डोंगरातली टपालाची वर्षं, वाचून दाखवलेली पत्रं, लिहून घेतलेली उत्तरं. त्यांनी दाखवलं ते सगळं मी वाचलेलं आहे. शपथेवर सांगते, आमच्यातल्या कुणालाही तसं लिहिता येणार नाही. माझ्या प्रकाशकांना दोन प्रकरणं दाखवली तर त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, पुढचं पाठवा, आम्ही छापतो. आणि इथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याची पुस्तकं मार्गी लावली, तो स्वतःचं बाड टपालात टाकायला तयार होईना.

विचारलं की उत्तर एकच: “कौल मिळाला न्हाई.” आमच्याकडे मोठं काम करायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, घर, विहीर यासाठी लोक कौल लावतात हे ठाऊक होतं. पण पुस्तकासाठी? मी म्हणायचे, अण्णा, देवाला काय कळतं प्रकाशनातलं? ते म्हणायचे, “तुमच्या पुण्यावाल्यापरास जास्त कळतंय.” रामा गुरव शेजारी बसून मान हलवायचा. मला वाटायचं, दोघं मिळून माझी थट्टा करतायत.

वर दुसरी कटकट म्हणजे पुस्तक दिवसेंदिवस बारीक होत चाललं. एका विधवा बाईच्या पत्रांवर सुंदर प्रकरण होतं, माझ्या मते सगळ्यांत सुंदर. एके रविवारी बघते तर ते बाडातून गायब. मी ओरडले, ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्ये.” सातवं प्रकरण तर त्यांनी मला कधी दाखवलंच नाही. मागितलं की म्हणायचे, “कच्चं हाय अजून.” दहा वर्षं एक प्रकरण कच्चं राहतं? पाय दुखत असताना मधूनच गोव्याला जायचे, चार चार दिवस गायब व्हायचे. कशाला गेला होतात, तर म्हणे टपालाचं काम. निवृत्त माणसाला कसलं आलंय टपालाचं काम!

आणि माझ्या घरी यायचे. दुपारी, खांद्याला तीच जुनी खाकी पिशवी अडकवून. बसायचे. चहा घ्यायचे. माझ्या परसातल्या वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल तासभर बोलायचे. पिशवीच्या बंदाशी बोटांनी चाळा करायचे. मी म्हणायचे, अण्णा, काही काम होतं का? “काम कसलं. आलतो सहज.” आणि उठून जायचे. त्या उन्हातून, त्या पायांनी, वांग्यांसाठी! असं किती वेळा झालं ते मला आठवत नव्हतं. आता आठवायची गरज नाही, ते लिहिलेलं आहे. सांगते.

या वर्षी प्रकाशकांचं पत्र आलं. तब्येतीमुळे काम आवरतं घेतोय, अण्णांचं पुस्तक या खेपेला आलं तर छापीन, पुढचा शब्द देता येत नाही. मी ते पत्र घेऊन रविवारी जगलीवर गेले. दहाबारा माणसं बसलेली. अण्णांनी पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाले, “बगू. कौल लावून बगतो.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “देवाच्या नावावर खपवू नका, अण्णा. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं. तुम्ही भित्रे आहात, दुसरं काही नाही.” अण्णा माझ्याकडे बघून हसले. “व्हय सुमे,” म्हणाले, “भित्राच हाय मी.” मी तडक उठून घरी आले. पुढचे तीन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी तो फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर मी रामा गुरवाला देवळाच्या पायरीवर गाठलं. म्हटलं, शेवटचा कौल लावला होता का रे त्यांनी? काय आला? रामा खाली बघत म्हणाला, “बाई, खोटं कशाला बोलू आता. कौल धा वर्सामागंच मिळालाय. पयल्याच खेपेला. उजवी कळी टपकन पडली.” मी म्हटलं, मग? “मग काय. अण्णा म्हन्लं, देवानं दिला रं, पर ज्येंची गोष्ट हाय त्येंनी कुटं दिलाय? आन् मला म्हन्लं, सुमीला सांगू नगंस.” दहा वर्षं मला बनवत होते, आणि देवाच्या पुजाऱ्याला सामील करून!

त्याच दुपारी काकींनी, अण्णांच्या बायकोने, ती खाकी पिशवी माझ्या हातात दिली. “तुज्याकडंच द्यायची हुती त्येंस्नी. कवाबी बाहीर निगालं की म्हनायचं, आज देऊन येतो. आन् तशीच माघारी आनायचं.” घरी येऊन उघडली. आत त्यांचं शाईचं पेन आणि बाड होतं. एक प्रत सुतळीने बांधलेली आणि तिची झेरॉक्स वेगळी. आणि खाली एक लांबट वही होती, टपालाचं रजिस्टर असतं तशी आखलेली. अनुक्रमांक, नाव, गाव, प्रकरण, सही, शेरा.

रजिस्टर टपाल सहीशिवाय हातात द्यायचं नाही, हा त्यांच्या नोकरीतला पहिला नियम. या माणसाने तो पुस्तकाला लावला होता! ज्याची ज्याची गोष्ट पुस्तकात आली, त्याच्या घरी जाऊन ते प्रकरण वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. कुणी गोव्यात कामाला गेलेलं, कुणी लेकीकडे राहायला गेलेलं, सगळ्यांकडे ते गेले होते. त्या विधवा बाईच्या नावापुढे सही नव्हती, शेरा होता: ‘नको म्हणाली. पाने काढली.’ मी त्या पानांसाठी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

अनुक्रमांक सातवर अंगठा होता. नाव माझ्या अव्वाचं. माझ्या आईचं.

तिला जाऊन आठ वर्षं झाली. अंगठ्यापुढे अण्णांनी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले होते: ‘माजी हरकत न्हाई. पर सुमीला इचारून मग छाप. तिला वाईट वाटंल.’ त्याच्याच खाली, सात-अ असा आकडा घालून माझं नाव. सहीचा रकाना रिकामा. आणि शेऱ्यात, टपाल पोचलं नाही की पोस्टमन लिहितात तशा बारीक अक्षरांत, एकाखाली एक तारखा. गेलो, बोलणे झाले नाही. गेलो, बोलणे झाले नाही. गेलो, पाहुणे होते. गेलो, बोलणे झाले नाही. अशा अकरा ओळी... वांग्यांच्या अकरा दुपारी.

शेवटची तारीख मी त्यांना भित्रा म्हटलं त्याच्या आदल्या दिवशीची होती.

सातवं प्रकरण वाचायच्या आधीच मला ठाऊक होतं त्यात काय असणार. मी बेळगावला होस्टेलवर शिकायला होते तेव्हा अव्वा दर मंगळवारी अण्णांकडून मला पत्र लिहून घ्यायची. ती बोलेल तसं अण्णा लिहायचे, शब्द बदलायचे नाहीत. ‘सुमे, म्हशीला रेडी झाली. तू जेवतीस का न्हाई. डोक्याला तेल लाव.’ एकदा खोलीतल्या मुलींनी ते पत्र आमच्या बोलीच्या नकला करत मोठ्याने वाचलं. मीही हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. त्यानंतर आलेली पत्रं मी फोडली नाहीत. अक्षर ओळखायचं आणि पाकीट तसंच होस्टेलच्या बंबात घालायचं. उत्तर लिहायचे ते फक्त सुटीची तारीख कळवायला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या कथांतून घातलेलं नाही. मी पत्रांकडे पाठ फिरवली हे अण्णांना कळलं कसं, याचं उत्तर सोपं आहे. पत्रं जात होती, उत्तरं येत नव्हती, आणि दोन्ही त्यांच्याच पिशवीतून.

सही करायच्या आधी दर पान वाच. वाचलं. नऊ पानं आहेत. फणसाच्या झाडाखाली लाकडाची मोळी उतरवून एक बाई बसलेली असते. तिला विचारावं लागू नये म्हणून टपालवाला लांबूनच मान हलवतो, आज काही नाही. ती म्हणते, “तिला अब्यास असतोय. लिवा तुमी.” आणि पुढचं पत्र सांगायला लागते. त्यात कुठेही त्या मुलीबद्दल एक वाकडं वाक्य नाही. तिचं नाव नाही, शाळा नाही, नुसतं ‘पोर’ म्हटलंय. अण्णांनी तिची बाजूसुद्धा मांडली आहे: पोर परक्या ठिकाणी होती, लहान होती. मी लहान नव्हते, सतरा वर्षांची होते. तेवढी एक चूक राहिली आहे आणि मी ती दुरुस्त करणार नाही, कारण लेखकाला विचारल्याशिवाय हस्तलिखितात हात घालायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलंय.

मी चिडले आहे. अजूनही चिडलेलीच आहे. अकरा वेळा माझ्या दारात येऊन हा माणूस वांगी बघून परत गेला. एवढं विचारायला काय झालं होतं? मी खाल्लं असतं का? ...खाल्लं असतं. निदान तेव्हा तरी. नाही म्हटलं असतं, आणि त्यांनी ती नऊ पानं मुकाट्याने काढून ठेवली असती, आणि शेऱ्यात लिहिलं असतं. मग अव्वा पुस्तकात राहिली नसती. म्हणून ते विचारत नव्हते.

दोन दिवस थांबून मी मंगळवारी सही केली. त्यांच्याच शाईच्या पेनने, सात-अ च्या रकान्यात, पूर्ण नाव लिहून. शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली नव्हती, तरी बाराव्या ओळीला कडेने लिहिलं: पोचले. मग काकींची संमती घेतली, नक्कल काढून ठेवली, सोबतचं पत्र एका पानात आवरलं आणि बाड घेऊन टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या नव्या मुलीने विचारलं, रजिस्टर करायचं का साधं? मी म्हटलं, रजिस्टर. सही घेतल्याशिवाय देऊ नका म्हणावं.

वही मात्र पाठवली नाही. ती माझ्याकडेच आहे, पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. मंगळवारी ती काढते, अव्वाच्या अंगठ्यावर बोट ठेवते, आणि तिला सांगते की मी जेवले.